दाजींचं घड्याळ आणि तीन खोकी

दोन वस्तू शेजारी दिसल्या की त्यांची शर्यत लावल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा माणूस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी एकच निघेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या वाट्याला आला. दाजी महाळुंगे पडवळचे; बाहेर सगळे त्यांना नाना म्हणतात. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, त्या चढाच्या धावपट्टीवर, निशाणाजवळ स्टॉपवॉच घेऊन बसायचं आणि कुठल्या बारीला, म्हणजे कुठल्या फेरीला, किती सेकंद लागले ते मायकवाल्याला सांगायचं, हे त्यांचं खरं काम. नोकरी टेलिफोन खात्यात होती, पण ती त्यांनी फावल्या वेळात केली. घड्याळ मात्र कायम गळ्यात. गॅसवरचा चहा आधी उकळतो की चुलीवरचा, याचा निकाल त्यांनी लावलेला आहे. दोन सुनांपैकी कोणाची भाकरी आधी फुगते, याचाही लावायला गेले होते. तेव्हापासून दोघी त्यांना स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नाहीत, आणि दोघींचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट आहे, असं अक्का सांगते.

मग घाटात सेन्सरचं घड्याळ आलं. बैल निशाणावरून गेले की आकडा आपोआप फळ्यावर. दाजींना मंडपात मानाची खुर्ची मिळाली आणि हाताला काम उरलं नाही. त्याच सुमारास ते नोकरीतूनही निवृत्त झाले. दुसऱ्या एखाद्याने नातवंडं खेळवली असती. दाजींनी फायरवॉल धरले. इंटरनेटची वायर आणि आपले कॉम्प्युटर यांच्या मध्ये बसवायचं हे एक खोकं. बाहेरून जे येईल ते तपासायचं आणि वाईट असेल ते दारातच अडवायचं, एवढंच त्याचं काम. आमच्याकडच्या डेऱ्या, पतसंस्था, नर्सऱ्या, छोटे दवाखाने यांना कुठलं खोकं झेपेल हे सांगणारं कोणीतरी हवं होतं हे खरं. पण ते दाजी असावेत असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. लग्नात हातात अक्षता घेऊन ते शेजारच्याला विचारत, "पावणं, तुमच्याकडं फायरवॉल कंचा?" आणि नाही म्हटलं की असं बघत, की त्या बिचाऱ्याला आपण सदरा न घालताच मांडवात आलो की काय असं वाटावं.

राजुरीत माझी टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे. पाच कॉम्प्युटर, थोडे कॅमेरे आणि बुकिंगची एक यादी. कोणत्या शेतकऱ्याला कोणत्या वाणाची किती रोपं कोणत्या दिवशी द्यायची, ते सगळं त्या यादीत. ट्रेमधली रोपं दिसायला सारखीच, त्यामुळे यादी गेली तर धंदा गेला. म्हणून एकदा दाजींसमोर मी "आपणही एक फायरवॉल घ्यावा म्हणतो" एवढं बोललो आणि लगेच पस्तावलो. आठ दिवसांत त्यांनी पुण्याच्या एका दुकानदाराकडून तीन कंपन्यांची तीन खोकी परत करायच्या बोलीवर आणली. माहितीपत्रकं वाचायला त्यांनी साफ नकार दिला. "कागदावर समदीच बैलं पळत्यात," म्हणाले. मग यात्रेतल्या शर्यतींचं दोन तासांचं चित्रीकरण इंटरनेटवर चढवलं आणि तीच फाईल एकेका खोक्यातून माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लागले. दर वेळी "झाऽऽली, सोडा!" अशी आरोळी. ट्रे भरणाऱ्या बायका काम टाकून खिडकीशी गोळा झाल्या. निकाल कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिला गेला. लाल खोकं पहिलं, पांढरं दुसरं, काळं तिसरं. काळ्याकडे दाजींनी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. "ह्ये काय पळनार? ह्याला घरी बांदा."

एक गोष्ट मी पाहिली होती. बारी सोडण्याआधी ते प्रत्येक खोक्यात कसली तरी बटणं बंद करत होते. मी विचारलं, "हे काय बंद करताय?"

"तपासनी. येनारं उगडून बगायचं काम. तेनं येळ जातो," दाजी म्हणाले. "बैलाच्या पाठीवर पोतं ठिवून घाटात पळवत्यात का, राव?"

मला ते पटलं. मलाच काय, आमच्या भागात कोणालाही पटलं असतं. मी लाल खोकं घेतलं. दाजींचा शब्द म्हणून आणखी सहा जणांनी घेतलं, त्यात शिनोलीची एक डेरीही होती. सातही ठिकाणी दाजींनी जातीने ते बसवलं, आणि पहिला नंबर ढळू नये म्हणून तपासणी बंदच ठेवली.

पुढे ऐन लागवडीच्या दिवसांत, एका सकाळी ट्रेचं दरपत्रक म्हणून एक ईमेल आलं. लाल खोक्याने ते न तपासताच आत सोडलं, ऑफिसातल्या ताईंनी उघडलं आणि त्यातल्या व्हायरसने बुकिंगची यादी कुलूपबंद केली. फाटकात पिकअप उभ्या, आणि कोणाची रोपं कोणती याचा आम्हाला पत्ता नाही. मी दाजींना फोनवर जे बोललो ते बहिणीच्या नवऱ्याला बोलू नये. जुनी एक यादी सापडली, शेतकऱ्यांकडच्या पावत्या गोळा केल्या आणि चार दिवसांत कसंबसं निभावलं. दाजी त्या चार दिवसांत खोक्यापुढून हलले नाहीत. बाकीची दोन खोकी त्यांनी पुन्हा मागवली, तिन्हींची तपासणी चालू केली आणि तीच शर्यत परत लावली. या वेळी आरोळी नव्हती. काळं खोकं पहिलं आलं. लाल खोकं पोतं पाठीवर पडताच वाटेत बसलं.

माझा राग तोवर ओसरला होता. मी म्हणालो, "दाजी, सगळीकडे जाऊन गुपचूप तपासणी चालू करून या. कोणाला कळतंय?"

"निकाल चुकला तर मायकवर सांगावा लागतो, पावणं," ते म्हणाले. "गुपचूप बदलला तर ती लबाडी झाली."

आणि खरोखरच हा माणूस मोपेड काढून एकेका दारात गेला आणि आपण चुकलो असं सांगून आला. शिनोलीला मी गाडीतून नेलं. डेरीचे मॅनेजर ऐकून घेऊन म्हणाले, "नाना, घाटातला मानूस खोटं बोलनार न्हाई म्हनून आमी तुमच्या शब्दावर घेतलं व्हतं."

"खोटं न्हाई बोललो. चुकलो," दाजी म्हणाले. "पर तुमच्यासाठी ते सारकंच."

मॅनेजरनी चहाचंही विचारलं नाही. परतताना घोडेगावपर्यंत दाजी खिडकीबाहेर बघत बसले होते.

त्यानंतर घड्याळ खुंटीला गेलं. गेल्या महिन्यात एका लग्नात ते अक्षता घेऊन मुकाट उभे होते. कोणीतरी मागून खोचकपणे म्हणालं, "नाना, फायरवॉल कंचा घ्यावा?" चार माणसं हसली आणि दाजीही त्यांच्याबरोबर हसले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं दाजींची टवाळी मीच करत आलो, पण ती घरातली होती. बाहेरच्याच्या तोंडून ती मला ऐकवेना.

गेल्या आठवड्यात मी त्यांना फोन केला. म्हणालो, "मागच्या शेडला एक फायरवॉल घ्यायचाय. तीन मागवलेत. तुलना करून द्या."

"कुना जानत्याला इचारा."

"त्यालाच विचारतोय."

मग म्हणाले, "तपासनी चालू ठिवून?"

"चालू ठेवून. पोतं पाठीवर ठेवून."

दुसऱ्या दिवशी आठाच्या आत मोपेड फाटकात हजर. घड्याळ गळ्यात होतं. उतरायच्या आधीच त्यांनी माझ्या वायरिंगला नावं ठेवली आणि मला बरं वाटलं. मागच्या शेडमध्ये एकही कॉम्प्युटर नाही, इंटरनेटची वायरही तिथवर जात नाही. टेलिफोन खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हे दारातच दिसलं असणार. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि टेबलावर तिन्ही खोकी ओळीने मांडली. ऑफिसातून लांब वायर ओढून घेतली. तपासणीची बटणं एकेक करून चालू केली, मला दोनदा दाखवली, आणि घड्याळावर अंगठा ठेवून म्हणाले, "वरडा की, पावणं."

"झाऽऽली, सोडा!" मी ओरडलो.