पुठ्ठ्याची भाकर

पडद्यामागं माझ्या पोरीच्या हातात पुठ्ठ्याची भाकर दिसली. गोल कापलेली, वर रंग, करपल्याचे काळे ठिपकेसुद्धा. काय कारागिरी! मी हसलो. मला वाटलं, खरी भाकर कुणीतरी खाऊन टाकली.

घनसावंगीत एका संस्थेचं नाट्यशिबिर होतं. सगळ्या वस्त्यांमधली पोरं, मिळून एक नाटक. बसवणारा मी. रडायचं कसं, धाडकन पडायचं कसं, चिकटवलेली मिशी सांभाळून शिंकायचं कसं, सगळं शिकवलं. माझी सुजाता आई झाली होती, एका बागाईतदाराचा मुलगा तिचा लेक. शेवटी आई रुसलेल्या लेकाला घास भरवते. तालमीत घास हवेतलाच असायचा. प्रयोगासाठी माझ्या बायकोनं सकाळी ज्वारीची भाकर थापली होती.

"पुठ्ठा कशाला?" मी संस्थेच्या ताईंना विचारलं. त्या खाली बघायला लागल्या. मुलाचे वडील शेजारीच उभे होते. तेच बोलले.

"मास्तर, पोरं एकत्र नाचून राह्यले, आम्ही काही म्हणलं का? पण तुमच्या घरचं त्याच्या तोंडात नको. माझी माय समोर बसलीय."

"नाटक आहे, दादा."

"मंग पुठ्ठा चालतोय की! नाटकच हाय ना?"

दोन-चार जण हसले. वाक्य फक्कड होतं, टाळी घेणारं. जन्मभर लोकांना हसवत आलेला मी. मी ताईंकडं बघितलं.

ताई कुजबुजल्या, "सर, आजच्या दिवस ॲडजस्ट करा. पाहुणे आलेत." बाहेर माइकवर एकोप्याचं भाषण चाललं होतं.

मी पुठ्ठा पोरीच्या हातातून घेतला. टराटरा फाडला.

"खरी भाकर न्हाई, तर आई न्हाई."

न्हाई तर न्हाई. त्यांनी दुसऱ्या पोरीला लुगडं नेसवलं. नवा पुठ्ठा कापला. प्रयोग झाला. टाळ्या पडल्या.

सुजाता कनातीमागं बसलेली. केसांना म्हातारपणाची पावडर तशीच.

"पप्पा, माझं काम खराब होतं का?"

रडायच्या छप्पन तऱ्हा येतात मला. त्यातली एकही कामाला आली नाही. मी तिला खरं कारण सांगितलं. तिनं ते पूर्ण ऐकलं आणि केसांतली पावडर झटकली.

पुढल्या शिबिराला संस्थेनं पुन्हा बोलावलं. मी ताईंना अट सांगितली. पहिल्या दिवशी तालीम नाही, जेवण. घरोघरचे डबे मधे मांडायचे, सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. ज्याला चालत नाही त्याला काम नाही. तो कुणाचाही असो.

"सर, अशानं पोरं येणारच नाहीत."

"न येवोत. एकटी सुजाता उरली, तर तिच्या एकटीचं नाटक बसवीन."