लिलावातल्या घराची मोजणी

लिलाव मोबाईलवर होता. इस्लामपूरच्या आमच्या खानावळीत कणकेचे हात धुऊन मी एक बोली लावली आणि पुढे कुणी बोललंच नाही. खानावळीची जागा भाड्याची, मालकाला ती पाडून दुकानं काढायची होती. आणि इकडे माधवनगरला दोन मजली घर, तेही बाजारभावापेक्षा स्वस्त! खाली खानावळ, वर आम्ही. मी आनंदाने ह्यांना म्हटलं, "आवं, नशीब उघडलं आपलं."

हे कांदा चिरत होते. मान वर करून म्हणाले, "बाकी कुणीच बोली का लावली न्हाई, त्ये बघितलंस का?"

आमच्या ह्यांना शहाणे प्रश्न सुचतात, पण नेहमी उशिरा.

कारण मला नंतर कळलं. बँकेने जप्त केलेल्या घरावर शेजारी बोली लावत नाहीत, भावकी तर नाहीच. तसा काही नियम नाही, पण तळतळाट लागतो म्हणून सगळे बाजूला राहतात. आम्ही बाहेरगावचे, आम्हाला कोण सांगणार? तोवर बोलीच्या रकमेचा चौथा हिस्सा भरून झाला होता. माझ्या पाटल्या आणि बांगड्या मोडल्या, खानावळीची सगळी शिल्लक काढली. बाकीची रक्कम मुदतीत भरली नाही तर घरही जाणार आणि भरलेले पैसेही. सही करताना हे वाचलं होतं, तेव्हा काही वाटलं नाही. घरी आल्यावर मात्र तोच कागद मी पुन्हा पुन्हा काढून वाचला.

उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या एका बँकेत कर्ज मागितलं. तिथल्या तरुण बाईंनी पगारपत्रक मागितलं. मी म्हटलं, "माझा पगार मीच देते मॅडम, आणि बहुतेक महिने विसरते." त्या हसल्या नाहीत. त्या माझ्या खात्याचे उतारे बघत होत्या. आमच्याकडे जेवतात ती कॉलेजची मुलं. सुट्टी लागली की खातं कोरडं. निम्म्यांचे वडील उसाचं बिल आलं की सगळं एकदम देतात. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं, बँकेला मात्र त्यात नुसते रिकामे महिने दिसत होते.

मग धंदा बघायला बँकेचा माणूस आला, तो नेमका भर दुपारी. पातेली पालथी, बाक मोकळे, आणि एका बाकावर हे घोरत पडलेले. "धंदा बंद केलाय का?" त्याने विचारलं. मला रडूच फुटायचं राहिलं होतं. "साहेब, जेवणवेळेला या हो," मी हात जोडून म्हटलं. भला माणूस, संध्याकाळी पुन्हा आला आणि त्याला बसायला जागा मिळेना.

तेव्हा कुठे बँक नरमली. आता एकच गोष्ट बाकी होती. घर आतून मोजायचं, फोटो काढायचे, मगच मंजुरी. पण घरात जुने मालक अजून राहत होते. लिलाव करणाऱ्या बँकेने कानावर हात ठेवले. ताबा मिळायला वेळ लागेल, तोवर तुमचं तुम्ही बघा. म्हणजे ज्यांचं घर मी घेतलं, त्यांच्याच दारात जाऊन मला म्हणायचं होतं की जरा मोजू द्या.

कर्ज देणाऱ्या बँकेने नेमलेला मोजणीवाला त्याच्या गाडीवरून पुढे गेला. आम्ही मागून निघालो. आष्ट्याला मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला ओकले. हे म्हणाले, "तू बस गाडीत, मी जातो." पण पुरुष पुरुषाच्या दारात गेला की आवाज चढतो. मीच गेले.

दार माझ्याच वयाच्या बाईने उघडलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. आता ही शिव्या देणार, दार लावून घेणार, आणि दार लागलं की माझं सगळं बुडालं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"आमचं मालक यंत्रमागाच्या कामाला गेल्यात दुसऱ्याकडं," ती म्हणाली. "या आत."

मोजणीवाला टेप लावत गेला. ती पुढे होऊन खुर्च्या सरकवत होती. स्वयंपाकघरात तर टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं. "ह्या भिताडाला पावसाळ्यात ओल येती," ती मला म्हणाली, "डबं जरा लांब ठेवा." तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मीही चार दिल्या असत्या, मला ते जमतं. हे मला झेपत नव्हतं. मला तिची खरोखर भीती वाटायला लागली.

निघाले तर ती म्हणाली, "थांबा." आतून करंडा घेऊन आली. आलेली सवाष्ण हळदकुंकवाशिवाय जाऊ द्यायची नाही, हा आपला रिवाज, तो तिने माझ्याबाबतीतही मोडला नाही. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग रिवाजाप्रमाणे मी तिला लावायला गेले, तर चिमटीतलं कुंकू तिच्या भुवईपर्यंत सांडलं. तिने ते पदराने पुसून घेतलं.

"देव हलवायला दिस बघावा लागतुया," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी कवा येणार, तेवढं आदी सांगा."

मान हलवून बाहेर आले. गाडीत ह्यांनी विचारलं, "झालं का काम?" मी "झालं" म्हटलं. आणि तेव्हा, पाटल्या गेल्या, शिल्लक गेली तरी चालेल, पण बँकेने नाही म्हणावं, असं मला मनापासून वाटलं.

त्याच आठवड्यात बँकेचा फोन आला. कर्ज मंजूर झालं होतं.