साहेबाची बहीण

स्पर्धा परीक्षेची पूर्व मी आयुष्यात एकदाच पास झालो, आणि त्याच आठवड्यात गावच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला. पूर्व म्हणजे काय, तर नुसतं पहिलं दार. त्याच्यापुढे मुख्य परीक्षा, मग मुलाखत, मग कुठे नेमणूक. पण हे गावाला सांगणार कोण? फ्लेक्सवर माझा मोठा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या सगळ्या रिकामटेकड्यांचे छोटे फोटो. ग्रामपंचायतीसमोर सत्कार झाला. सरपंचांनी भाषणात मला तहसीलदार केलं, त्यांच्यानंतर जो उठला त्याने एकदम उपजिल्हाधिकारीच करून टाकलं. तेव्हाच उभं राहून 'अजी थांबा, अजून काही झालं नाही' असं म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. शाल अंगावर चांगली वाटत होती, खोटं कशाला बोलू.

मुख्य परीक्षेत मी सपशेल आपटलो. पुढची दोन वर्षं तर पूर्वही निघाली नाही. पण गावात मला पडलेलं 'साहेब' हे नाव काही सुटलं नाही. न्हाव्याकडे गेलो तर रांगेतले लोक म्हणायचे, साहेबाले आधी घ्या. एकदा फवारणीचा पंप पाठीवर घेतला तर शेजारच्या काकांनी धावत येऊन तो उतरवला. "साहेब, तुमी कायले? लोकं काय म्हनतीन?" म्हणजे बघा, स्वतःच्या वावरात स्वतःच्या कपाशीवर फवारणी करायची मला चोरी झाली.

बाबा शाळेत शिपाई होते. साहेब लोक तपासणीला आले की त्यांना पाणी देणं, त्यांच्या गाडीचं दार उघडणं, यातच त्यांची नोकरी संपली. माझ्यासाठी त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं, आणि त्याचा मला राग येतो म्हणावं तर तेही जमत नाही. सकाळी मी निघालो की ते दाराशी यायचे आणि माझ्या बॅगेचा पट्टा सरळ करायचे. तेवढ्यानेच मला कोंडल्यासारखं व्हायचं.

मी चिखलीला अभ्यासिकेत बसायचो. प्लायवूडचे खोके, प्रत्येकात एक खुर्ची, एक दिवा, एक माणूस. पोरं नव्हती ती, माणसं होती. काहींचे केस पांढरे व्हायला लागलेले. निकालाच्या दिवशी अभ्यासिका ओस पडायची आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं त्याच खुर्च्यांवर. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, हा तिथला न लिहिलेला नियम. घरी जायचं तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि इथे बसायचं तर डोक्यात अक्षर शिरत नाही. एकच पान मी दुपारभर उघडं ठेवलेलं मला आठवतं.

अभ्यासिका वरच्या मजल्यावर, आणि तिच्या खाली मोटर भरायचं दुकान. आमच्याकडे विहिरीवरची मोटर जळली की ती 'भरून' आणतात, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी तार गुंडाळून आणतात. एका उन्हाळ्यात लाईट गेली, वर जीव घाबरा झाला म्हणून मी खाली येऊन दुकानाच्या सावलीत उभा राहिलो. दुकानाचे मिस्त्री साठीच्या आसपासचे, तोंडाने फाटके. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिकामाच उभा हायेस तं हे टोक धर."

मी तारेचं टोक धरलं. ते सुटलं नाही, असं म्हणा.

सुरुवातीला रोज अर्धा तास, मग दुपार, मग वरचा जिना चढणंच बंद. सहा महिने मिस्त्रींनी मला नवी तार हातात दिली नाही. नुसत्या जळलेल्या मोटरी उघडायच्या, वेढे मोजायचे, कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत गेले ते कागदावर काढायचं आणि मगच कापायचं. न मोजता कापली की त्यांची शिवी तयार. "जळेल मोटर बोलते बे," ते म्हणायचे, "तुले ऐकू येत नाही, त्याले ती काय करन." आणि खरंच होतं ते. तीनपैकी दोन भाग काळे आणि एक कोरा असला, म्हणजे विजेच्या तीन फेजांपैकी एक गेली होती आणि मालक तशीच चालवत बसला. सगळीच करपली असेल तर विहीर आटली, पंप गाळात फसला. इतकी वर्षं मी पुस्तकातलं पाठ केलं, पण समोरच्या वस्तूकडे बघून 'हे असं काऊन झालं' हा प्रश्न मला पहिल्यांदा तिथे पडला.

मी पहिली मोटर एकट्याने भरली आणि ती चालू करून पाहिली, तेव्हा ती एकसारखा आवाज करत फिरायला लागली. मिस्त्रींनी तिच्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, "ने म्हना त्याले." एवढंच. एक माणूस माझं काम उचलून मोटरसायकलवर बांधून घेऊन गेला. मी जिन्याखाली जाऊन तोंड धुतलं, कारण मला रडायला येत होतं आणि मिस्त्रींसमोर रडलो असतो तर त्यांनी वर्षभर चिडवलं असतं.

आता माझ्या बहिणीची गोष्ट सांगायला हवी, कारण गुंता तिथे आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तिला अमडापूरचं स्थळ आलं. घर चांगलं, शेती बरी, पोरगा स्वभावाने मऊ. बैठकीत तिचे होणारे सासरे, उंच, काटक, सुपारी कातरत बसलेले, बाबांना म्हणाले, "पोरीचा भाऊ साहेब होऊन राह्यला म्हन्ता, मंग आमाले अजून काय पाह्यचं?" बाबांनी मान डोलावली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत मला मोटरी भरायला लागून सात-आठ महिने झाले होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो आणि नखांतलं काळं दिसू नये म्हणून हात मांडीखाली घेतले होते. मी म्हणालो, "प्रयत्न चालू आहेत." ते लोक हसले, त्यांना तो साहेबी नम्रपणा वाटला. सोयरीक पक्की झाली. बहीण चहाचे कप उचलत होती, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

झालं, त्या दिवसापासून मी पक्का अडकलो. आधी नुसती बाबांची आणि गावाची लाज होती. आता बहिणीचा संसार माझ्या खोटेपणावर उभा होता. तिच्या सासरी कळलं की साहेब-बिहेब काही नाही, पोरगा मोटरी भरतो, तर तिला काय काय ऐकावं लागेल याचा विचार करून माझी झोप उडायची. अमडापूरचे बरेच लोक बाजाराला चिखलीला येणार आणि मोटर जळली तर आमच्याच दुकानात येणार. मिस्त्रींना मी हात जोडून सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, पण ऐकलं. तिकडचं कुणी दिसलं की ते मोठ्याने खोकायचे आणि मी मागच्या खोलीत. त्या खोलीत आम्ही लाकडी पेटीत मोठे बल्ब लावून, वॉर्निश लावलेल्या मोटरी वाळवत असू. खिडकी नाही. वॉर्निशचा वास डोक्यात जायचा. लग्नानंतर दोन वर्षं मी त्या खोलीत किती वेळा उभा राहिलो त्याची गणती नाही.

मिस्त्रींचा जीव वेगळ्याच गोष्टीसाठी तुटत होता. त्यांनी स्वतः तरुणपणी आयटीआय केलं होतं आणि नंतर एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून राहिले होते. ते म्हणायचे, "हात मी देल्ला तुले, कागद मी नाही देऊ शकत. आयटीआय कर, मंग उमेदवारीले जाय. मोठ्या मशीनी पाह्यशीन. माह्या दुकानात जलम काढतो काय?" आयटीआयला वयाची आडकाठी नाही, हेही त्यांनीच विचारून आणलं होतं. दोन वर्षं लागोपाठ त्यांनी मला फॉर्मची शेवटची तारीख सांगितली. दोन्ही वर्षी मी गेलो नाही. तिथे यादी लागते, नाव लागतं, तालुक्यातली पोरं असतात, संध्याकाळच्या आत अमडापूरला बातमी. "बहिणीसाठी थांबलोय," मी म्हणायचो. मिस्त्री मान खाली घालून पुन्हा तार गुंडाळायला लागायचे, आणि ते मला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. मिस्त्री खोकले. मी मागे गेलो, दार ओढून घेतलं. बाहेर कुणीतरी जड वस्तू जमिनीवर ठेवली आणि आवाज आला, "राम राम मिस्त्री." बहिणीचे सासरे.

नेहमी माणूस मोटर टाकून जातो. हे बसले. चहा मागवला. माझ्या शेजारी पेटीतले बल्ब जळत होते आणि पाठीवरून घाम वाहत होता. श्वासही हळू घेत होतो.

"भरनारा पोरगा कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

"कोनता?" मिस्त्री.

"आमच्या सुनेचा भाऊ. मांगच्या साली त्यानंच भरली होती ना ही? सालभर मस्त चालली, आता फेज गेली म्हनून जळाली. त्याच्याच हातची पाह्यजे मले."

मिस्त्री पुन्हा एकदा खोकले.

सासरे बोलत राहिले. "तुमाले वाटते आमाले मालूम नाही? लग्नाच्या पंधरा दिवस आंधी पोरीनं माह्या पोराले फोन करून सांगतलं होतं. म्हने, माहा भाऊ साहेब नाही, मोटरी भरते. पटत असन तं या, नाही तं आत्ताच नाही म्हना. पोराले पटलं. मले नाही पटलं, पन पत्रिका वाटून झाल्या होत्या." मग म्हणाले, "तिले लय बोललो आमी. घरातल्या बायांनी तं दोन साल साहेबाची बहीण, साहेबाची बहीण म्हनून तिचा जीव खाल्ला. भांडं पडलं तरी साहेबाची बहीण. मीबी काही कमी नाही बोललो."

मी दार उघडून बाहेर आलो. ठरवून नाही आलो, आतमध्ये उभं राहणं अशक्य झालं म्हणून आलो. शर्ट पाठीला चिकटला होता. सासऱ्यांनी मला वरून खाली पाहिलं. "इथंच होतास काय?" म्हणाले. मी हाव म्हणालो. त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला.

"कधी भेटन?"

"परवा."

"परवा नको, हरभरा सुकून राह्यला."

"उद्या संध्याकाळी देतो."

ते गेले. मिस्त्री दुसऱ्या मोटरीचे नट सोडायला लागले. मी रस्त्यावर जाऊन बहिणीला फोन लावला. वाईट वाटावं, माफी मागावी, तर ते दूरच. मला राग आला होता. मी तिलाच झापलं. "मले काऊन नाही सांगतलं? दोन साल मी चोरासारखा त्या खोलीत लपून राह्यलो. आयटीआय सोडलं. तुह्यासाठी सोडलं. आन् तू पह्यलेच सांगून बसली, वरून बोलनेबी खाल्ले. आठ दिवसाले फोन करत होतीस ना तू मले? एकदा तोंडातून निघालं नाही?"

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस कमी केला असावा.

"पह्यल्यांदा सांगनार होती दादा," ती म्हणाली. "तुह्या शर्टाले वास येत होता ना तो, तवापासून मले मालूम होतं. पन तू त्या बैठकीत हात मांडीखाली घेऊन बसला, तवा मले समजलं का तुले माह्यासाठी लपाचं नाही, तुले लपाचंच हाये. मंग म्हनलं, निदान त्याले वाटू दे का तो माह्यासाठी लपून राह्यला."

तिनेच मग विचारलं, जेवला का, आणि भाकरी टाकायची आहे म्हणून फोन ठेवला.

मोटर मी दुसऱ्या दिवशी दिली. आयटीआयचा फॉर्म पुढच्या उन्हाळ्यात भरला, वर्गात सगळ्यांत म्हातारा मीच. पोरं मला काका म्हणायची. दोन वर्षं तिथे काढली, मग एक वर्ष कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली आणि मिस्त्री म्हणाले होते तशी मोठी यंत्रं पाहिली. पण हे सगळं नंतरचं. फोन ठेवला त्या दिवशी मी घरी गेलो, बाबांनी दारात माझी बॅग घेतली आणि विचारलं, अभ्यास कसा चालू आहे. मी म्हणालो, चांगला चालू आहे.