साकोलीत सुरू, एकोडीत बंद

आमच्या गाडीत काही बिघाड नाही, असं साकोलीच्या गणवीर मिस्त्रीनं मला तीनदा सांगितलं, आणि तीनदाही मी त्याला खोटारडा म्हणाले.

गाडी म्हणजे डिझेलवर चालणारी जुनी पिकअप. माझ्या मुलानं, देवानंदनं, वापरलेलीच घेतली होती. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या काही वर्षांनंतरची ही गोष्ट. आम्ही एकोडीचे, तलावातल्या मासोळीवर जगणारे. गावच्या मच्छीमार संस्थेची मासोळी रोज सकाळी साकोलीला पोचवायचं काम आमच्या गाडीकडे होतं. तिथं व्यापाऱ्याची मोठी गाडी बर्फ घेऊन उभी असायची आणि सात वाजले की नागपूरकडे सुटायची. ती कोणाच्या बापासाठी थांबत नसे.

गाडी घरी आली त्याच दिवशी मी तिची जागा ठरवून दिली. घराच्या बाजूनं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढ जातो. त्या चढावर तोंड वर करून उभी करायची, म्हणजे मासोळीचं वास मारणारं पाणी मागून गळून थेट माझ्या वांग्यांना जाईल, अंगणात येणार नाही. माझी वांगी अशी पोसली, की लोक पाहायला येऊ लागले! माझ्या डोक्याची तारीफ झाली. ती मी नाकारली नाही.

मग हिवाळा लागला आणि गाडी नखरे करू लागली. सकाळी देवानंद चावी फिरवायचा. खर्रर्र! खर्रर्र! खर्रर्र! इंजिन जोरात फिरायचं, पण सुरू व्हायचं नाव नाही. शेवटी अर्धी आळी येऊन धक्का मारायची, तेव्हा कुठे ती पांढरा धूर सोडायची (माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर!) आणि मग दिवसभर शहाण्यासारखी चालायची. साकोलीच्या बाजारात चार तास उभी राहिली तरी अर्ध्या चावीत सुरू. दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा खर्रर्र.

धक्का मारायला सगळ्यात आधी समोरचा टिकाराम यायचा. त्यानं नवी गाडी घेतली होती आणि संस्थेच्या कामावर त्याचा डोळा होता. आमची गाडी सुरू झाली, की सगळ्यात उदास तोच व्हायचा.

दोनदा व्यापाऱ्याची गाडी हुकली. दुसऱ्यांदा संस्थेचे अध्यक्ष घरी आले. "चहा नको," म्हणाले, तेव्हाच मी काय ते समजले.

"देवानंद, तिसऱ्यांदा उशीर झाला तं काम टिकारामले देऊ. मासोळी सडली तं लोकाइले मी का सांगू?"

ते काम गेलं असतं तर गाडीत वांगी भरून विकावी लागली असती. मी चौथी शिकलेली. पण गाडीचं दुखणं ओळखायला शाळा कशाला लागते? मी कंबर कसली.

"बॅटरी मेली," मी सांगितलं.

नवी बॅटरी आली. आता इंजिन दुप्पट जोरात फिरायचं. सुरू मात्र व्हायचं नाही.

"थंडी लागली," मी सांगितलं.

थंडीत इंजिन गरम करणारे हीटर प्लग मिस्त्रीनं बदलून दिले. वरून मी बोनेटवर माझी गोधडी टाकू लागले. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून एका सकाळी पेटती शेगडी गाडीखाली सरकवली. देवानंद अंघोळ सोडून धावत आला.

"माय! गाडी सुरू कराची आहे, भाजाची नाही!"

"मंग नजर लागली," मी म्हणाले आणि पुढच्या बाजूला लिंबू-मिरच्या बांधल्या. टिकारामची बायको दारातून पाहत होती.

"काकू, हे कोनासाठी जी?"

"थंडीसाठी," मी म्हणाले.

माझी सून सुनिता कमी बोलणारी. ती एक दिवस म्हणाली, "आत्याबाई, साकोलीत गाडी बराबर सुरू होते. घरीच काहून नाही होत?"

"घरी तू असतेस ना!" मी म्हणाले. (हे मी स्वतःच लिहून टाकते. ती हे वाचणार आहे, आणि तिला सगळं लक्षात आहे.)

देवानंदनं गाडी एक रात्र मिस्त्रीकडेच ठेवली. सकाळी मिस्त्रीनं चावी लावली. फर्रर्र! एका दमात सुरू. मी फोनवर त्याला खोटारडा म्हणाले.

"मावशी, गाडी ठीक आहे जी. तुमच्या घराले कोनी डॉक्टर दाखवा!"

शेवटी देवानंदनं त्याला हातापाया पडून एका सकाळी एकोडीला बोलावलं. मिस्त्री येणार म्हणून मी आदल्या दिवशी अंगण सारवलं. पाहुणा माणूस, तो काय चढावर, वासात उभा राहून काम करणार? मी देवानंदकडून गाडी दारासमोर सपाट जागेवर आणवून ठेवली. धुवूनही घेतली.

सकाळी मिस्त्री मोटारसायकलवर कानाला मफलर बांधून आला. आळी जमली. देवानंदनं चावी फिरवली.

फर्रर्र!

मिस्त्रीनं मफलर सोडला.

"मावशी, चहासाठी बोलवाचं होतं तं तसं सांगाचं ना! इतक्या थंडीत गाडीचं नाव कायले घेता?"

टिकाराम हसता हसता आमच्या जात्यावर बसला. मी त्या गाडीला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या, की चौथीपर्यंतच्या शाळेत त्या शिकवत नाहीत.

तेव्हा सुनिता बोलली. "मिस्त्री दादा, गाडी रोज इथं नाही राहत. तिकडं राह्यते. आत्याबाईच्या वांग्याइपाशी."

मिस्त्री तिकडे गेला. चढ पाहिला, वांगी पाहिली. परत येऊन बोनेट उघडलं, डिझेल फिल्टरच्या तोंडाशी बोट फिरवलं आणि वास घेतला. मग पाना लावून तिथून रुपयाएवढी तांब्याची चकती काढली. तिला ते वायसर म्हणतात. घासून पार गेलेली.

"हे पाहा. इथून हवा घुसते. गाडीचं तोंड वर, डिझेलची टाकी मागं, खाली. रातभर पाइपातलं डिझेल उतरून टाकीत जाते. सकाळी इंजिनले डिझेल पाहिजे, तं भेटते हवा! सपाट जागी डिझेल जागेवर राह्यते, म्हणून माह्याकडं कधी समजलं नाही." मग त्यानं मान वर केली. "अशी चढावर उभी कराची अक्कल कोनाची जी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी वांग्यांकडे पाहत होते.

"वांगे मात्र झकास आहेत," मिस्त्री म्हणाला. मी त्याला पिशवीभर दिली. त्यानं तोंड बंद ठेवावं म्हणून नाही, पण तो समजला.

त्यानं नवी चकती बसवली, हातपंपानं पाइपातली हवा काढली आणि जाताना सांगून गेला, "आज गाडी चढावरच ठेवा. दुसरीकडूनही हवा घेत असन तं तेव्हाच समजन."

संध्याकाळी देवानंद गाडी चढावर चढवायला निघाला. दुसऱ्या दिवशी तलावात मोठं जाळं पडणार होतं, नेहमीपेक्षा जास्त मासोळी जाणार होती. मी आडवी आले.

"उद्याच कायले परीक्षा पाह्यतोस रे? सपाट जागी ठेव ना बापा!"

"आता तुले सपाट जागा आठवली?" तो म्हणाला आणि चाकाखाली दगड लावून आला.

मी डोळे मिटून पडून होते, झोप कसली! उजाडायच्या आधीच आळी सवयीनं जमली. टिकारामनं बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात गाडीला लावले. देवानंदनं चावी फिरवली.

खर्...

एवढंच. पुढचा 'रर्र' आलाच नाही, गाडी सुरू! टिकारामचे हात तसेच हवेत राहिले.

तलावाच्या घाटावर मासोळी भरून गाडी गेली. मी फोन मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसले. दोनदा चहा आला, दोनदा थंड झाला. सातच्या बऱ्याच आधी फोन वाजला.

"माय, पोचलो. व्यापाऱ्याची गाडी अजून अर्धी रिकामी आहे. अध्यक्ष इथंच आहेत. ते म्हणून राहिले, का काम तुह्याकडंच राहीन, चिंता नको करू."

माझ्या छातीवरून जातं उतरल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही, पण तिसरा चहा मी गरम प्याले.

"बरं झालं बापा," मी म्हणाले. "आता माह्यं ऐक. धूर अजून थोडा पांढराच दिसला मले. त्या मिस्त्रीले सांग, का सायलेन्सरात..."

"माय."

"का रे?"

"फोन सुनिताजवळ दे."

दिला. सायलेन्सरचं सगळं सांगून झाल्यावर.