ऋषीच्या भाजीतली हिरवी फळं

"पोरगी गुणी आहे हो, पण हिचं तोंड उघडायला पाना लागेल," लिमयेकाकू आईला सांगत होत्या. मी दाराशीच उभी होते, हे त्यांना दिसत होतं. कुणाच्या पाठीमागे बोलणं काकूंना जमतच नसे.

नव्वदच्या दशकात बाबांची बँकेतून बदली झाली आणि आम्ही लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत राहायला आलो. काकू शेजारी. मूळच्या सांगलीच्या. इतकी वर्षं इथे काढूनही सब्जीवाल्याशी चक्क मराठीत भांडायच्या. "भैया, ही भेंडी आहे का लाकूड?" तो हसून चार भेंड्या जास्त टाकायचा. मी इंग्रजी शाळेतली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून, तेही 'हाँ' नाहीतर 'अच्छा'. काकूंची तक्रार नसे. "ऐकणारं माणूस लागतंच घरात," म्हणत त्या माझ्यापुढे मटार सोलायला ठेवायच्या.

ऋषिपंचमीला कॉलनीतल्या मराठी बायका त्यांच्याकडे जमत. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून भाजी परसातल्या नाहीतर आपोआप उगवलेल्या पाल्याची. काकू सकाळीच पिशवी घेऊन रिकाम्या प्लॉटवर जायच्या. "रानातलं कधी बाधत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या वर्षी परातीत अळू होतं, माठ होता आणि कामोणीचा पाला. इकडे तिला मकोय म्हणतात. पाल्यावर मूठभर फळंही होती, मण्यांएवढी, हिरवीगार.

"आमच्याकडे काळी घालतात," काकू म्हणाल्या. "पण इथली काळी पोरांनी खाऊन टाकली, मेल्यांनी! असू दे, शिजली की मऊ होतील."

बायका हसल्या. सगळ्या सकाळपासून उपाशी होत्या आणि पातेल्यात पाणी उकळत होतं.

लहानपणी शाळेच्या कुंपणाशी मी हिरवी मकोय खाल्ली होती. मग उलट्या, पोटात पीळ, समोरची भिंत गरगर फिरणारी. पिकलेलं फळ चालतं, हिरवं विषारी, आणि शिजवून ते विष जात नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा आईला बजावलं होतं. आई अजून यायची होती.

काकूंनी परात उचलली. मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"अगं, सोवळ्यात आहे मी! आता पुन्हा अंघोळ आली!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "काकी, वो..." एवढंच तोंडातून निघालं. कुणीतरी खुदकन हसलं. काकूंनी नुसतं त्या बाईकडे पाहिलं. मग परात कमरेला टेकवून त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. एरवी दुसऱ्याचं वाक्य स्वतःच पुरं करणाऱ्या काकू, त्या दिवशी थांबल्या.

"काकू, ही हिरवी फळं विषारी आहेत. शिजवली तरी. मी खाल्ली होती, मला माहितीये. परात खाली ठेवा, मी एकेक निवडून काढते."