एका दमातलं फ्रेंच

"पुन्हा थांबलीस," मी म्हटलं. वैशालीने हातातली कार्डं टेबलावर आपटली.

वैशाली वाशिमच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे आणि मी फ्रेंच शिकवते. वाशिमात फ्रेंच कशाला, हे मला घरचेही विचारतात. तिला फ्रान्समधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी हवी होती. बोलणं तुटक आहे म्हणून पहिल्या ऑनलाइन इंटरव्ह्यूत ती नापास झाली होती. शेवटचा चान्स शनिवारी होता. आज बुधवार. मला धड जेवणही जात नव्हतं.

"मॅडम, मी त सगळं बरोबर म्हणून राह्यली. मंग त्याइले काहून समजत नाई?"

शब्द बरोबरच होते. पण फ्रेंच बोलताना शब्द सुटे राहत नाहीत. 'मी नर्स आहे' म्हणजे 'झ स्वी' आणि 'अँफिरम्येर'. 'स्वी'च्या शेवटी एक मुका स लिहिलेला असतो. पुढे स्वर आला की तो झ होतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो. मग तुकडे पडतात ते असे: झ-स्वी-झँ-फिर-म्येर. सगळ्यांना सारखं वजन, शेवटचा जरा लांब. वैशाली मात्र एकेक शब्द खिळ्यासारखा ठोकत होती. मी चिडले, तीही रुसून गेली.

गुरुवारी तिला सुट्टी होती. मला चैन पडेना, म्हणून केनवडच्या बाजारात गेले. तिची आई तिथे भाजी विकते. ओट्यावर मायलेकी दोघी ओरडत होत्या, "घ्यामेथीघ्यापालकघ्यासांबाऽर." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. कुठे थांबणं नाही, सारखं वजन, शेवट लांब.

मी पिशवी धरून उभीच राहिले. चूक माझी होती. मी तिला एका कार्डावर एकच शब्द लिहून दिला होता. कार्ड संपलं की ती थांबायची. पोरगी शिकवलं तसंच करत होती आणि मी तिलाच बोलत होते. फार लाज वाटली.

मी म्हटलं, "तेच वाक्य भाजी विकल्यासारखं म्हण."

"इथं? लोक हसतीन."

तरी तिने ते वाक्य तसं म्हटलं. मग तिच्या आईनेही म्हणून बघितलं, आणि खरं सांगते, लेकीपेक्षा बरं म्हटलं. शनिवारपर्यंत आई मेथी निवडता निवडता लेकीला अडवून सुधारत होती.

शनिवारी इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाई खूश झाल्या. उच्चार कुणी शिकवले, त्यांनी विचारलं. मी कॅमेऱ्याबाहेर, शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

"मा मेर," वैशाली म्हणाली. माझी आई.

नोकरी मिळाली. आता विद्यार्थी अडखळला की मी आधी माझंच सामान तपासते. श्रेयाचं म्हणाल, तर त्या दोन शब्दांत दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.