सांगितलं नाही, असं लिहिलेलं

"इंग्लिशमध्ये, सिस्टर. इंग्लिशमध्ये सांगा."

सात नंबर बेड. सकाळचा राउंड. मोठे सर, त्यांच्या मागे दोन ज्युनिअर डॉक्टर, बाजूला आमच्या मेट्रन मॅडम. बेडवर कळव्याच्या आजी, पायाची जखम चिघळून ताप आलेला. सरांनी पेनिसिलीनच्या जातीचं इंजेक्शन लिहिलं आणि मी मध्ये बोलले.

"सर, आजींना याची ॲलर्जी आहे."

तासाभरापूर्वी मी ताप बघत होते, तेव्हा आजींनीच मला सांगितलेलं. "पोरी, मांगं पेन्सिलीनची सुई दिलेली, त सगल्या आंगावर गांधी उठलेल्या. दम कोंडलेला माझा." त्या कळव्याच्या जुन्या गावातल्या. बोलणं तिथलंच.

सर म्हणाले, "ॲलर्जी म्हणजे नक्की काय झालेलं? डिस्क्राइब. इंग्लिशमध्ये, सिस्टर."

गांधीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते मला येत होतं. परीक्षेत लिहिलेलं. पण पाच माणसं तोंडाकडे बघत असली की शब्द पळतो. मी म्हणाले, "पेशंट... होल बॉडी... गांधी..."

"अंगावर गांधी? व्हेरी पेट्रिऑटिक!"

ज्युनिअर हसले. मेट्रन मॅडम हसल्या. आजीही हसल्या, बिचाऱ्या. त्यांना वाटलं काहीतरी चांगलंच बोलणं चाललंय.

सरांना गांधी म्हणजे काय ते कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. राउंडच्या मधे त्यांच्या आईचा फोन यायचा, तेव्हा ते शुद्ध मराठीत बोलायचे. पित्त, पथ्य, सगळं.

"कुठून केलं नर्सिंग?"

"सरकारी कॉलेज, सर."

त्यांनी माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं. "हं," म्हणाले. "मग बरोबर."

हे "हं" मला नवीन नाही. शाळेत ऐकलंय, भाड्याची खोली बघायला गेलेलो तेव्हा ऐकलंय. आडनाव वाचून झालं की येतं.

"जुन्या फाइलमध्ये ॲलर्जी लिहिलीय?"

"नाही सर. पण आजी स्वतः..."

"आजी डॉक्टर आहेत का? द्या इंजेक्शन."

मी दिलं. हे मला लपवायचं नाही. कोणी माझा हात धरून दिलेलं नाही. माहीत असून, माझ्याच हाताने दिलं.

दहा मिनिटांत आजींचे ओठ सुजले. अंगभर गांधी. श्वास अडकायला लागला. धावपळ, ऑक्सिजन, उताऱ्याचं औषध, आयसीयू. तीन दिवसांनी त्या बाहेर आल्या. जगल्या.

त्याच दुपारी मेट्रन मॅडमनी माझ्यापुढे इंग्लिश टाइप केलेला एक कागद ठेवला. "फॉरमॅलिटी आहे गं. सही कर." माझं सगळं लक्ष आयसीयूच्या दाराकडे. न वाचताच सही केली.

पंधरा दिवसांनी नोटीस लागली. नर्सेससाठी इंग्लिशचे वर्ग. फी नाही, ड्युटीतच बसायचं, वर चहा-बिस्किटं. पोरी खूश झाल्या. मला संशय आला. या माजिवड्याच्या हॉस्पिटलमध्ये आम्हाला बसायला खुर्ची मिळत नव्हती, आणि आता चहा? माझी आई टिटवाळ्यात एका नर्सिंग होममध्ये आया होती. ती म्हणायची, साहेब गोड बोलायला लागला की पदर खोचून उभं राहायचं.

शिकवायला डोंबिवलीच्या एक मॅडम यायच्या. तरुण, बोलायला गोड. आम्ही त्यांच्यामागून म्हणायचो. आय ॲम सॉरी फॉर द इन्कन्व्हिनिअन्स. ॲज पर डॉक्टर्स ऑर्डर. डॉक्टर विल सी यू शॉर्टली.

मी वहीत सगळं लिहून घेत होते आणि बघत होते. माफी कशी मागायची, ते होतं. हुकूम कसा घ्यायचा, ते होतं. नातेवाइकांना शांत कसं करायचं, त्याची तर दोन पानं. चौथ्या दिवशी मी विचारलं, "मॅडम, 'सर, मी हे इंजेक्शन देणार नाही' हे इंग्लिशमध्ये कसं म्हणायचं?"

मॅडम हसल्या. "तसं म्हणायची वेळ नर्सवर कशाला येईल?"

आठवडाभराने त्यांनी सगळ्यांना एकेक झेरॉक्स वाटली. चूक झाली की अहवाल कसा लिहायचा, त्याचा नमुना. हॉस्पिटलनेच दिलेला. नावांवर काळी शाई फिरवलेली. मी बोट ठेवून वाचायला लागले. बेड नंबर सात. वृद्ध महिला. पायाची जखम.

मी बोट मागे नेऊन बेड नंबर पुन्हा वाचला.

पुढच्या ओळीत एक शब्द अडला. मी हात वर केला. "मॅडम, कन्व्हेड म्हणजे?"

"कळवलं. सांगितलं."

"आणि नॉट कन्व्हेड?"

"सांगितलं नाही." त्यांनी पूर्ण ओळच मराठीत करून दिली. "पेशंटच्या ॲलर्जीबद्दल ड्युटीवरच्या नर्सने डॉक्टरांना सांगितलं नाही."

खाली सहीवर शाई फिरवलेली. पण माझ्या सहीचं शेपूट बाहेर राहिलेलं.

मी उभी राहिले. "मॅडम, ही नर्स मी आहे. आणि मी सांगितलेलं."

त्या मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. "मला खरंच माहीत नव्हतं," म्हणाल्या. नसेलही. मी वही उचलली आणि मेट्रन मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"आता कशाला उकरतेस?" मॅडम म्हणाल्या. "आजी घरी गेल्या. तुझी नोकरी राहिली. सरांनी सांभाळून घेतलं तुला."

"मला माझा जबाब द्यायचाय."

"इंग्लिशमध्ये लागतो तो." हे बोलताना त्या जरा निवांत झाल्या. मला दिसलं ते.

दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसले. आजी काय बोलल्या, मी काय सांगितलं, सर काय म्हणाले, कोण हसलं. गांधीचा इंग्लिश शब्दही लिहिला, स्पेलिंग तपासून. शेवटी लिहिलं की धोका माहीत असूनही इंजेक्शन मी दिलं, ती चूक माझी. व्याकरण चुकलं असेल. खोटं एक अक्षर नव्हतं. ऑफिसच्या खिडकीशी तासभर उभी राहिले, पण दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही.

उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. मला वॉर्डातून काढून ओपीडीत पाठवलं. सरांचा राउंड रोज चालू आहे.

सुट्टीच्या दिवशी ती प्रत घेऊन मी कळव्याला आजींच्या घरी गेले. त्यांच्या सुनेने ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी सुनेसमोर सगळं सांगितलं. हसणं, कागद, सगळं. प्रत सुनेच्या हातात दिली. वाटलेलं, आजी सरांना शिव्या घालतील. त्यांनी माझ्याकडेच बघितलं.

"मी तुला सांगलेला ना?"

"हो आजी."

"मंग हसलं त हसलं. तू सुई का दिलीस?"

त्या डॉक्टरने माझा अपमान केला, तो माझा. पण माझ्या लाजेची किंमत दुसऱ्या बाईच्या श्वासाने भरली गेली. हे कोणी मला माफ करू नये. आजींनी केलं नाही. बरं केलं.

इंग्लिश मी शिकतेच आहे. त्या वर्गात नाही, घरी. त्यांच्यासारखं दिसायला नाही. माझ्या नावावर ते काय लिहितात, ते वाचायला. न वाचता सही करत नाही. मॅडम घाई करतात, मी ओळ न् ओळ वाचते, त्या उभ्या राहतात.

आणि पेशंट काही बोलला की आधी फाइलवर लिहिते, वेळ टाकून, मग डॉक्टरांना सांगते. शब्द आला तर इंग्लिशमध्ये, नाही आला तर मराठीत. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. हसून झालं की पुन्हा सांगते. त्यांनी ऐकलं असं लिहून देईपर्यंत माझा हात इंजेक्शनला लागणार नाही.